चांदीचे साठे आणि त्यांचा शोध : प्रस्तावना

चांदी हा पृथ्वीच्या कवचातील विरळ घटक आहे. सर्वसाधारण खडकाच्या एका टनात ती ०.०७ ते ०.०८ ग्रॅम एवढीच भरते. चांदीसाठी खाण चालवायची तर हे प्रमाण टनामागे शंभर ग्रॅमच्या आसपास लागते. शिसे-जस्ताची जोड असेल तर त्याहून कमी चालते. म्हणजे एखाद्या जागी निसर्गाने चांदी हजारपटीहून अधिक एकवटून ठेवलेली असावी लागते. शंभर ग्रॅम म्हणजे जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने जेमतेम साडेआठ तोळे, आणि तेवढ्यासाठी टनभर कठीण खडक फोडायचा, वर आणायचा, दळायचा आणि त्याचा उरलेला लगदा सुरक्षित साठवायचा. चांदी कुठे, कशामुळे आणि किती खोलीवर एकवटली असेल याचा अंदाज बांधणे हे भूविज्ञानाचे काम. तो अंदाज पदरचे पैसे घालून पडताळणे हे शोधकार्याचे. या दोहोंची गल्लत झाली की अहवाल देखणे होतात आणि खाणी बंद पडतात.

चांदी सहसा एकटी राहत नाही. जगभरच्या खाणींतून दरवर्षी सुमारे पंचवीस हजार टन चांदी निघते. त्यातली एक तृतीयांशाहूनही कमी चांदी केवळ चांदीसाठी चालणाऱ्या खाणींतून येते. बाकीची शिसे-जस्त, तांबे आणि सोन्याच्या खाणींचे उपउत्पादन असते. मेक्सिको या उत्पादनात पहिला आहे, चीन आणि पेरू त्याच्या मागे आहेत. त्यामुळे चांदीच्या शोधात निघालेला भूवैज्ञानिक दिवसातला बराच वेळ शिशाच्या, जस्ताच्या, मँगॅनीजच्या आणि लोखंडाच्या गंजाच्या खुणा पाहण्यात घालवतो. तेच बरोबर आहे. प्रत्यक्ष चांदी डोळ्यांना दिसेपर्यंत थांबणाऱ्याला साठा बहुधा सापडत नाही.

खडकात चांदी अनेक रूपांत असते. मूळ धातूच्या रूपात ती तारांसारखी किंवा फांद्यांसारखी वाढलेली दिसते, पण असे नमुने खाणीपेक्षा संग्रहालयात अधिक. तिचे महत्त्वाचे सल्फाइड म्हणजे ॲकँथाइट. त्यात ८७ टक्के चांदी असते. हेच संयुग १७३ अंश सेल्सिअसच्या वर वेगळ्या अंतर्गत रचनेत असते आणि तेव्हा त्याला आर्जेंटाइट म्हणतात. थंड होताना आतली रचना पालटते, बाहेरचा घनाकार मात्र जुनाच राहतो. म्हणून कपाटात ‘आर्जेंटाइट’ अशी चिठ्ठी लावलेले घन वास्तविक ॲकँथाइटचे असतात. अँटिमनीसह बनणारे पायरार्जिराइट आणि आर्सेनिकसह बनणारे प्राउस्टाइट ही माणकासारखी लाल खनिजे. प्रकाशात ठेवली की ती काळवंडतात. टेट्राहेड्राइटच्या कुळातील फ्रायबर्गाइट हाही चांदीचा मोठा वाहक आहे. क्लोरार्जिराइट हे चांदीचे क्लोराइड मेणासारखे मऊ असते, सुरीने कापले जाते. पण व्यवहारात सर्वांत मोठा वाटा गॅलेनाचा. गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड: करडे, चकचकीत, जड, फोडले की घनाकार तुकडे होणारे. त्याच्या पोटात चांदीची खनिजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात दडलेली असतात. कोणत्या गॅलेनात चांदी भरपूर आहे आणि कोणत्यात नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याची कोणतीही खात्रीची खूण नाही. ते प्रयोगशाळेतच ठरते.

ही एकवट घडवून आणणारे मुख्य साधन म्हणजे गरम पाणी. खोल कवचातून फिरणारे खारट, तप्त द्राव खडकांतून धातू विरघळवून घेतात. चांदी, शिसे आणि जस्त यांची वाहतूक मुख्यतः क्लोराइडच्या साथीने होते. द्राव थंड झाला, वर येताना दाब घटून उकळला, थंड पाण्यात मिसळला किंवा चुनखडकासारख्या खडकाशी त्याची रासायनिक क्रिया झाली की धातू सल्फाइडच्या रूपात खाली बसतात. कुठल्याही साठ्याबाबत चार गोष्टी विचाराव्या लागतात: धातू आले कुठून, त्यांना वाहून नेणारी उष्णता कोणाची, वाट कोणत्या भेगेची, आणि ते थांबले कशामुळे. चारांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर नकाशावरचा रंगीत पट्टा कितीही आकर्षक असला तरी तिथे वेधन करणे हा जुगार ठरतो.

ज्वालामुखी प्रदेशांतील उथळ शिरा हा चांदीच्या साठ्यांचा सर्वांत गाजलेला प्रकार. पृष्ठभागापासून साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत, दोनशे-तीनशे अंशांच्या आतबाहेर तापमानाच्या पाण्याने भेगांत गारगोटी, कॅल्साइट आणि चांदीची खनिजे भरली जातात. बोलिव्हियातील पोतोसीचा डोंगर १५४५ मध्ये आणि मेक्सिकोतील साकातेकास १५४६ मध्ये प्रकाशात आले. बार्तोलोमे दे मेदिनाने १५५० च्या दशकात मेक्सिकोतील पाचुका येथे पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या धातुकातूनही चांदी काढण्याची रीत रुळवली. त्यानंतर अमेरिकेतील चांदीचा जो ओघ जगभर पसरला त्याचा मोठा भाग व्यापाराच्या वाटेने सुरतेसारख्या बंदरांत उतरला आणि मोगल टांकसाळींत रुपया होऊन बाहेर पडला. मोगल काळातील रुपयाच्या चांदीचा बराच हिस्सा असा परदेशी खडकातला होता. या शिरांत खोलीनुसार खनिजे बदलतात: वर सोने-चांदी, खाली शिसे-जस्त, त्याखाली बहुधा नुसती गारगोटी. म्हणून एखादी शीर पृष्ठभागावर रिकामी दिसली तर ती खरोखरच रिकामी आहे की तिचा समृद्ध भाग अजून खालीच आहे, हे आधी ठरवावे लागते. उलट शिरेचा समृद्ध भाग लाखो वर्षांपूर्वीच झिजून गेला असेल तर खाली कितीही खणले तरी व्यर्थ.

नेव्हाडातील कॉमस्टॉकची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १८५९ मध्ये तेथे सोने धुणाऱ्या लोकांना निळसर काळ्या चिकट मातीचा फार त्रास होत होता. ती त्यांच्या धुण्याच्या पेट्यांत अडकून बसे आणि ते ती फेकून देत. कोणीतरी तिचा नमुना तपासून घेतला तेव्हा ती चांदीचे समृद्ध धातुक निघाली. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलचेही असेच. १८८३ मध्ये मेंढ्यांच्या कुरणावर काम करणाऱ्या चार्ल्स रास्पने एका काळ्या, खडबडीत कड्यात कथील असावे असे समजून जागा नोंदवली. कथील नव्हते. तो कडा म्हणजे जगातील अतिशय मोठ्या शिसे-जस्त-चांदीच्या साठ्याचा गंजलेला माथा होता. दोन्ही ठिकाणी माणसे शोधत होती वेगळेच. पण नमुना तपासायला पाठवण्याची शिस्त कामी आली.

भारतीय वाचकाला अधिक जवळचा प्रकार ब्रोकन हिलच्या कुळातला आहे. प्राचीन समुद्रतळावर भेगांतून वर आलेले खारे, तप्त पाणी काळ्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या चिखलात पसरते आणि शिसे, जस्त, लोह व चांदीचे सल्फाइड थरांच्या रूपात साचवते. हा व्यवहार आजही पाहता येतो. लाल समुद्रातील अटलांटिस-२ या खोलगट जागी, सुमारे दोन हजार मीटर पाण्याखाली, साठ अंशांहून अधिक उष्ण खाऱ्या पाण्याचा थर आहे आणि त्याच्या तळाशी जस्त, तांबे व चांदीयुक्त गाळ साचत आहे. असा गाळ पुढे जमिनीखाली दबला, घड्या पडून पिळवटला, शेकडो अंश तापमानात पुन्हा स्फटिकला की राजस्थानातल्यासारखे धातुक तयार होते.

राजस्थानात हा पट्टा अरवलीच्या कुशीत आहे: उदयपूर जिल्ह्यातील झावर, राजसमंद जिल्ह्यातील राजपुरा-दरीबा आणि सिंदेसर खुर्द, भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचा. झावरचे धातुक डोलोमाइट खडकात आहे. दरीबा आणि आगुचा येथे ग्रॅफाइटयुक्त शिस्ट व नाइस हे रूपांतरित खडक त्याच्या सोबतीला आहेत. ग्रॅफाइट म्हणजे मूळच्या काळ्या सेंद्रिय चिखलाचा अवशेष. या साठ्यांचे वय दीड अब्ज वर्षांहून अधिक आहे. हिंदुस्थान झिंक ही १९६६ मध्ये सरकारने स्थापन केलेली आणि २००२ मध्ये खाजगी हाती गेलेली कंपनी या खाणी चालवते. भारतात खाणीतून निघणारी जवळजवळ सगळी चांदी इथलीच. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन ७४६ टन होते. देशाची गरज त्याच्या कैकपट असल्याने आयात दर वर्षी हजारो टनांत होते.

या खाणींचा इतिहास आजच्या कंपनीपेक्षा फार जुना आहे. दरीबाच्या जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडी आधारांचे कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय सुमारे तीन हजार वर्षे आहे. झावरच्या बोगद्यांतील लाकूडही दोन हजार वर्षांच्या पुढचे. तेव्हाचे खाणकामगार खडकाला आग लावून तापवत, तडकवत आणि मग फोडत; काजळलेल्या, गोलसर भिंती आजही त्याची साक्ष देतात. कौटिलीय अर्थशास्त्रात खाणींसाठी आकराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे आणि चांदीचे प्रकार मूळ ठिकाणांवरून सांगितले आहेत, हे याच काळाशी जुळते. मध्ययुगात झावरने आणखी एक मजल मारली. जस्त ९०७ अंशांना वाफ होऊन उडून जाते, म्हणून ते साध्या भट्टीत मिळत नाही. झावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराची मातीची भांडी भट्टीत उलटी बसवून खालच्या थंड भागात जस्ताची वाफ जमवली. १९८३ मध्ये उत्खननात अशा भट्ट्या सापडल्या. एकेका भट्टीत छत्तीस भांडी. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून हे काम केले. जगातील जस्त-निर्मितीचा हा सर्वांत जुना ज्ञात मोठा कारखाना होय.

जुन्या कामाच्या खुणा शोधकार्यात किती मोलाच्या असतात हे आगुचाने दाखवले. गावाजवळ प्राचीन मळीचे ढीग आणि तांबूस-तपकिरी, स्पंजासारखे सच्छिद्र दगड पडलेले होते. या गंजलेल्या माथ्याला भूविज्ञानात गॉसन म्हणतात. सल्फाइडयुक्त खडक हवा-पाण्याच्या संपर्कात आला की पायराइटचे लोह गंजून मागे उरते, जस्त वाहून जाते, शिसे काही प्रमाणात टिकते आणि चांदी भूजलाच्या पातळीजवळ पुन्हा साचू शकते. कोरड्या प्रदेशात ती क्लोराइड होऊन माथ्यातच अडकते. १९७७ मध्ये राजस्थानच्या खाण व भूविज्ञान खात्याच्या भूवैज्ञानिकांनी आगुचाच्या गॉसनचे महत्त्व ओळखले. १९९१ मध्ये खाण सुरू झाली आणि पुढे ती जगातील अग्रगण्य जस्त-खाणींपैकी एक ठरली. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या दगडांवरून चालत होते तेच दगड हा पुरावा होता. प्रत्येक लाल-तपकिरी दगड गॉसन नसतो, हेही तितकेच खरे. जांभा दिसायला तसाच, पण त्याच्या खाली सल्फाइड असण्याची काही अट नाही. गॉसनमध्ये विरघळून गेलेल्या सल्फाइड स्फटिकांच्या रिकाम्या घनाकार खोबणी राहतात आणि रासायनिक तपासात शिसे, आर्सेनिक, अँटिमनी, चांदी यांचा मागमूस लागतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याने कोकणातले आणि बीदरचे जांभ्याचे माळ बघून स्वप्ने पाहू नयेत.

सिंदेसर खुर्द याच्या उलट उदाहरण. इथले धातुक माथ्यावर उघडे पडलेले नाही. ते खाली दडलेले आहे. दरीबा पट्ट्याचे खडक कोणत्या दिशेने पुढे जातात याचा माग काढत, भूभौतिक मोजणी आणि वेधन करत ते सापडले. २००६ पासून उत्पादन सुरू झाले. इथल्या धातुकात चांदी आगुचापेक्षा बरीच अधिक आहे आणि आज जगातील मोठ्या चांदी-खाणींत तिची गणना होते. माथा उघडा असलेले सोपे साठे बहुतेक सापडून गेले आहेत. पुढचे साठे सिंदेसर खुर्दसारखे झाकलेले असणार.

शोधकार्याच्या पायऱ्या भारतात चार धरतात: टोह, प्राथमिक, सर्वसाधारण आणि सविस्तर अन्वेषण, कागदोपत्री त्यांना जी-४ ते जी-१ अशी नावे आहेत. टोहेत नकाशे, जुने अहवाल आणि ओढ्यांतील गाळ यांचा आधार असतो. ओढा आपल्या साऱ्या पाणलोटाचा गाळ एकत्र आणतो, म्हणून योग्य जागी घेतलेले काही नमुने कित्येक चौरस किलोमीटरची बातमी देतात. त्यातून संशयित पट्टा हाती आला की मातीचे नमुने ठरावीक अंतरावर घेतात. शिसे मातीत फारसे हलत नाही, जस्त सहज हलते. त्यामुळे शिशाचा वाढीव आकडा साठ्याच्या जवळ दिसतो आणि जस्ताचा उताराच्या खाली सरकलेला असतो.

भूभौतिक पद्धतींत इंड्यूस्ड पोलरायझेशनचा वापर सल्फाइडसाठी सर्वाधिक होतो. जमिनीत विद्युत प्रवाह सोडून तो तोडला की सल्फाइडचे कण काही क्षण विद्युत भार धरून ठेवतात. तो ओसरताना मोजतात. अडचण अशी की ग्रॅफाइटही तसाच वागतो, आणि राजस्थानात ग्रॅफाइट आणि धातुक शेजारी शेजारी आहेत. गुरुत्वमापन, चुंबकीय आणि विद्युतचुंबकीय मोजणी यांची जोड दिली तर संशयाचे वर्तुळ लहान होते, पण संपत नाही. भूभौतिकी वेधनाची जागा सुचवते. धातुक आहे की नाही हे वेधनच सांगते.

वेधनात हिऱ्याचे दात बसवलेल्या पोकळ नळीने खडकाचा दंडगोल गाभा काढतात. गाभा पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात, त्याचे वर्णन लिहितात, मधोमध कापतात. अर्धा भाग प्रयोगशाळेत, अर्धा जपून ठेवलेला. इथल्या दोन चुका सर्वांत महाग पडतात. पहिली जाडीची. शीर तिरपी आणि वेधही तिरपा असेल तर गाभ्यातली लांबी ही शिरेची खरी जाडी नव्हे. गाभ्याचा अक्ष शिरेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर गाभ्यातले १० मीटर म्हणजे प्रत्यक्षात ५ मीटरच. दुसरी चूक गाभा हरवण्याची. मऊ, भुसभुशीत धातुक पाण्यासोबत वाहून जाते आणि कठीण, नापीक खडक तेवढा पेटीत उरतो. परिणामी समृद्ध भागाची मोजणीच होत नाही, किंवा उरलेल्या तुकड्यावरून अख्ख्या भागाचा अंदाज बांधला जातो. प्रयोगशाळेवरही नजर ठेवावी लागते. नमुन्यांच्या रांगेत निर्धातू नमुने, ठराविक चांदी असलेले प्रमाण नमुने आणि दुहेरी नमुने मिसळून पाठवतात. १९९७ मध्ये इंडोनेशियातील बुसांग येथे ब्री-एक्स कंपनीच्या नमुन्यांत सोने मिसळल्याचे उघड झाले. त्यानंतर कॅनडात शोध-अहवालांचे नियम कडक झाले. चांदीत अशी फसवणूक कमी नोंदली गेली असली तरी नियम सर्व धातूंना सारखेच लागू आहेत.

आकडेमोडीचे एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. शीर ६०० मीटर लांब, ३०० मीटर खोल आणि सरासरी ५ मीटर जाड असेल, तर तिचे घनफळ ९ लाख घनमीटर. धातुकाची घनता ३.२ धरली तर वजन २८.८ लाख टन. टनामागे १२० ग्रॅम चांदी मानली तर साठ्यात सुमारे ३४५ टन चांदी. हा आकडा वृत्तपत्रात छापला जातो आणि लोक त्याला खाणीतील चांदी समजतात. प्रत्यक्षात खणताना भिंतीचा नापीक खडक मिसळतो, खांब म्हणून काही धातुक मागे सोडावे लागते, आणि गिरणीतही सगळी चांदी हाती लागत नाही. १०० टक्क्यांऐवजी ८५ टक्केच वसूल झाली तरी ३४५ चे २९४ टनाच्या आत येते, आणि हा हिशेब अजून खर्चापर्यंत पोचलेलाच नाही. खडकात असलेला साठा आणि परवडेल असा साठा हे दोन वेगळे शब्द वेगळेच ठेवावेत. कंपन्यांच्या पत्रकांत शिसे, जस्त आणि सोन्याची किंमत चांदीत बदलून ‘चांदी-तुल्य’ प्रमाण सांगायची प्रथा आहे. असा आकडा दिसला की वाचकाने प्रत्येक धातूचे मूळ प्रमाण आणि वापरलेला भाव मागावा.

धातुक गिरणीत बारीक दळून पाण्यात फेसाच्या साहाय्याने वेगळे करतात. फेन-तरण पद्धती मोठ्या प्रमाणावर प्रथम ब्रोकन हिलला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळली. गॅलेनासोबत बहुतेक चांदी शिशाच्या सांद्रात जाते. वितळलेल्या शिशात जस्त घालून ढवळले की चांदी शिसे सोडून जस्ताकडे जाते आणि वर तरंगणाऱ्या मळीतून काढता येते. अलेक्झांडर पार्क्सने १८५० मध्ये शोधलेली ही रीत आजही चालते. त्याआधीची हजारो वर्षे शिसे भट्टीत जाळून त्याचे ऑक्साइड करत, तळाशी चांदीचा थेंब उरे. या कामात शिसे आणि कॅडमियम हवेत व पाण्यात जातात, म्हणून खाणीचा गाळ साठवणारे बांध आणि निचऱ्याचे पाणी यांवर पुढची कित्येक दशके लक्ष ठेवावे लागते. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरला नाही तर तो शेवटी आसपासच्या गावांवर पडतो.

या सगळ्या निकषांवर बीदर-कलबुर्गी सीमाभाग तपासून पाहण्यासारखा आहे, कारण चांदीशी त्याचे नाते जुने आहे आणि खडक मात्र अगदी वेगळा. बीदरी कामात नव्वद टक्क्यांहून अधिक जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार वा पत्रा कोरीव जागी ठोकून बसवतात. मग नवसागर आणि किल्ल्यातील माती यांच्या मिश्रणाने पृष्ठभाग काळा करतात. चांदी मात्र पांढरी राहते. या कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जस्त आणि चांदी हे दोन्ही धातू खडकातही एकमेकांच्या सोबतीचे, पण त्या सोबतीचा खडक इथला नव्हे.

उदाहरणार्थ, याच सीमाभागातल्या भालकी तालुक्यातील मेहकर (बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर वेगळे; खडक मात्र दोन्हीकडे बेसाल्टच) दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून थरावर थर पसरला. बीदरच्या पठारावर त्यावर जांभ्याची जाड टोपी आहे. नौबादचे कारेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारे बोगदे, याच जांभ्यात खोदलेले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून बाहेर पडले, पण सीमेच्या दोन्ही बाजूंची विहीर एकाच खडकात उतरते. बेसाल्टमध्ये चांदी नगण्य असते, आणि तिला एकवटणारी मोठी तप्तजल-व्यवस्था दख्खनच्या बहुतांश भागात तयार झाली नाही. फुग्यांच्या पोकळ्यांत साचलेले झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी गरम पाणी फिरल्याचे दाखवतात; त्या पाण्याने सिलिका, चुना आणि ॲल्युमिना आणले, धातू आणले नाहीत. बेसाल्टमध्ये चांदी कधीच नसते असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतील लेक सुपीरियरच्या काठी, किवीनॉ द्वीपकल्पात, प्राचीन बेसाल्टमध्ये मूळ तांब्यासोबत मूळ चांदी सापडली आहे. तिथला लाव्हा अब्जाहून अधिक वर्षांचा आणि त्यावरून गेलेल्या द्रावांचा इतिहास निराळा.

बेसाल्टखाली काय आहे याचे उत्तर किल्लारीने दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल वेध घेतला गेला. बेसाल्ट ३३८ मीटर जाड निघाला, त्याखाली ८ मीटरचा गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन रूपांतरित खडक. सीमाभागात दक्षिणेकडे सरकत गेले की बेसाल्ट पातळ होतो आणि कलबुर्गी जिल्ह्यात भीमा खोऱ्याचा चुनखडक उघडा पडतो. घराघरात असलेली शहाबादी फरशी तीच. या खोऱ्याच्या दक्षिण कडेला यादगीर जिल्ह्यातील गोगी येथे ग्रॅनाइट आणि चुनखडक यांच्या सीमेवरील भ्रंशात युरेनियम एकवटलेले आहे. म्हणजे या कडेने धातू वाहणारे द्राव गेले होते, एवढे नक्की; ते चांदीचे नव्हते. आणखी दक्षिणेला रायचूर जिल्ह्यातील हट्टीला सोन्यासोबत थोडी चांदी मिळते. महाराष्ट्रात शिसे-जस्ताच्या कुळातले नाव घेण्याजोगे ठिकाण नागपूर जिल्ह्यातील कोलारी-भानोरीचा जस्त-पट्टा हे आहे, आणि तेही बेसाल्टमध्ये नाही, साकोली पट्ट्याच्या जुन्या रूपांतरित खडकांत आहे.

म्हणून मेहकर परिसरात चांदीचा शोध म्हणजे शेकडो मीटर बेसाल्टखालच्या, फारशा माहीत नसलेल्या खडकाचा शोध. वरचा बेसाल्ट चुंबकीय मोजणी गढूळ करतो आणि भूकंपलहरींच्या चित्रणातही अडथळा आणतो. असे काम परवडणारे कोणी आज पुढे येईल असे दिसत नाही. २०२३ मध्ये खाण व खनिज (विकास आणि विनियमन) कायद्यात दुरुस्ती होऊन खोलवरच्या व महत्त्वाच्या खनिजांसाठी स्वतंत्र अन्वेषण परवाना आला, त्यात चांदीचाही समावेश आहे. पण परवाना खडक बदलत नाही. भीमा खोऱ्याच्या कडेचे भ्रंश आणि त्यांच्या पायाचे जुने खडक हेच या भागातले पहिले अभ्यासक्षेत्र असावे, बेसाल्टचे माळ नव्हे.

गावात विहीर खोदताना किंवा बोअर मारताना चमकणारे काही निघाले तर ते बहुधा कॅल्साइट, झिओलाइट, गारगोटी किंवा पायराइट असते. गॅलेना हातात घेताच जडपणा जाणवतो. त्याची घनता बेसाल्टच्या अडीचपट आहे. तुकडा शंकास्पद वाटला तर तो धुवावा, किती खोलीवर सापडला ते आणि सर्व्हे नंबर चिठ्ठीवर लिहावा, बोअरमधून निघालेला चुरा वेगवेगळ्या खोलीनुसार वेगळ्या पिशव्यांत ठेवावा आणि जिल्ह्याच्या खाण व भूविज्ञान खात्याच्या कार्यालयात दाखवावा. तो चांदी निघाला नाही तरी ती नोंद वाया जात नाही, कारण या भागात बेसाल्ट कुठे किती जाड आहे हे अशाच खोल बोअरच्या नोंदींतून कळते.